टिकल्या लावलेली डबी

दादाचा फोन आला तेव्हा मी कळंबला घरी मेथी निवडत बसले होते. "शालू, तुही वहिनी गेली," एवढंच तो म्हणाला. दादा तसाही कमी बोलणारा. जन्मभर बाबूगिरी केली, तिथेही कागदावर सही आणि तोंडाला कुलूप. घरातलं बोलणं सगळं वहिनीच्या वाट्याचं. आता हा बोलणार काय आणि कोणाशी, हाच विचार आधी मनात आला. रडू नंतर आलं, बसमध्ये, आणि आलं ते दादाचं मारेगाव येईपर्यंत थांबलं नाही.

गल्लीत शिरले तर पाय ठेवायला जागा नव्हती. आमचे नातेवाईक असून असून किती असणार? बाकीची सगळी माणसं मी कधी पाहिलेलीही नव्हती. खेड्याखेड्यांतून आलेली, खांद्यावर दुपट्टे, पायांना वावरातली माती तशीच. बाया ओट्याला टेकून बसलेल्या. त्यांतला एक जण दादाजवळ आला नि हात जोडून म्हणाला, "तुम्हीच टायपिंगवाल्या काकूचे मालक काय?" दादानं नुसती मान हलवली. आत वहिनीला न्यायची तयारी चालली होती आणि माझी छाती मात्र फुलून आली. अशा वेळी अभिमान वाटावा का? वाटला तर वाटला! ज्याला नावं ठेवायची त्यानं ठेवावीत.

आमची निर्मलावहिनी महागावकडची, कास्तकाराची लेक. आमचं घर नोकरदारांचं. वडील कारकून, दादा बाबू, मी शाळेत मास्तरीण. त्या घरात ही आली ती यवतमाळच्या टायपिंग क्लासचं सर्टिफिकेट घेऊन. लग्नाची हळद उतरली नाही तोच तिनं समोरच्या खोलीत सेकंडहँड टाइपरायटर मांडला आणि खिडकीबाहेर पाटी लावली : 'मराठी-इंग्रजी टायपिंग करून मिळेल'. आई कपाळाला हात लावून म्हणायची, "बाप्पा, सून आणली का कचेरी आणली?" घर कचेरीच्याच रस्त्यावर, त्यामुळे अर्ज लिहून घ्यायला माणसं येऊ लागली. टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला. सुरुवातीला गावात म्हणत, बाबूची बायको टायपिंग करते. मग कधी कोण जाणे ते उलटं झालं. पोस्टमनसुद्धा पत्ता सांगताना 'टायपिंगवाल्या काकूचं घर' म्हणायला लागला. दादा वरवर चिडायचा. "दारावर पाटी माह्या नावाची हाय बरं!" वहिनी मान वर न करता म्हणायची, "मंग पुसत जा ना तिले रोज. धूळ बसून राह्यली तिच्यावर."

तिची कामाची एक रीत होती. खुर्चीशेजारी लाकडी स्टूल. आलेल्या माणसाला त्यावर बसवायचं, पाणी द्यायचं, आणि मग विचारायचं, "हं, सांगा. काय झालं?" आणि थांबायचं. माणूस अडखळला तरी त्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. मी तिला चिडवायची, वहिनी, तू टायपिस्ट आहेस की डॉक्टर? "डॉक्टरले तरी कुठं एवढं आयकायले येते!" हे तिचं उत्तर ठरलेलं. नम्रपणा वगैरे तिच्या अंगात नव्हताच. आपण चांगलं काम करतो हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि ते ती चारचौघांत सांगायची.

त्या बोटांनाच संधिवातानं गाठलं. सांधे सुजले, बोटं वाकडी व्हायला लागली. सकाळी उठल्यावर मूठ उघडायची नाही. सगळ्यात छळायची ती शिफ्टची कळ. मराठी टाइप करायचं तर एका बोटानं ती दाबून धरायची आणि दुसऱ्यानं अक्षर मारायचं, नाहीतर जोडाक्षर उमटतच नाही. तिची करंगळी ती कळ धरू शकेना. डॉक्टरांनी टायपिंग बंद करा म्हणून सांगितलं. दादानंही तोंड उघडलं, "पुरे झालं निर्मला आता. कोणासाठी मरून राह्यली?" ती एकदम उसळली. "बसून राह्यली तं बोटं वाचतीन माही. पण मी नाही वाचणार!" आणि मग ओढणीनं... छे, पदरानं डोळे पुसून स्वयंपाकघरात गेली. माझ्या डोळ्यांसमोर तिचं आणि तिच्या लेकीचं रडणं कायम असं एकमेकांत मिसळतं, कारण तेव्हा दारात ओढणी घेऊन मीनल उभी होती आणि तीही रडत होती.

ही मीनल, दादा-वहिनीची एकुलती एक. पुण्याला व्हिडिओ एडिटिंग करते. पुढच्या खेपेला तिनं आपल्या बॅगेतून एक वस्तू काढून आईच्या पुढ्यात ठेवली. तळहातात मावेल एवढी, डझनभर चौकोनी बटणं असलेली. मॅक्रो कीपॅड म्हणतात म्हणे त्याला. प्रत्येक बटणाला आपण जे शिकवू ते ते ध्यानात ठेवतं, आणि मग एकदा दाबलं की अख्खा परिच्छेद पडद्यावर आपोआप उमटतो. वहिनीनं ते उलटंपालटं करून पाहिलं. "हे तं कॅल्क्युलेटर हाय." मीनलनं समजावलं तर आणखीच बिथरली. यवतमाळच्या क्लासात सगळ्यात जास्त स्पीड असलेली पोरगी मी, आता बटण दाबून चोरीचं टायपिंग करू? त्यात पहिल्याच दिवशी बटण दाबलं तर 'महोदय'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता उकिरडा पडला. कॉम्प्युटर इंग्रजीवर होता, आणि त्या बिचाऱ्या यंत्राला ते काय कळणार! वहिनीला मात्र त्या उकिरड्यानंच ईर्ष्या चढली. यंत्र आपल्यापेक्षा बावळट आहे हे एकदा दिसल्यावर तिची भीती गेली. पहिल्या बटणाला तिनं आधी मराठी चालू करायला शिकवलं, मग पुढच्याला जोडाक्षरं, मग 'प्रति', मग 'विषय'. फोनवर मायलेकींची रोज भांडणं. पण शिकली. साठीला टेकलेली बाई, वाकड्या बोटांची, एकटीच एकेक बटण शिकवत बसलेली... आणि सगळी बटणं सारखीच दिसतात म्हणून तिनं त्यांवर टिकल्या लावल्या! आपल्या कपाळाच्या. लाल टिकली बायांच्या अर्जाच्या सुरुवातीला, काळी माणसांच्या, हिरवी शेवटच्या 'नम्र विनंती'ला. त्या यंत्राला ती 'डबी' म्हणायची. "शालूबाई, माही डबी आणा वो इकडं."

मग बोंडअळीचं वर्ष आलं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, वरून हिरवीगार, बोंडंही भरलेली, आणि फोडून पाहावं तर आत गुलाबी अळी. आमच्या भागात तेव्हा कोणाचंही तोंड पाहवत नव्हतं. नुकसानीच्या अर्जासाठी वहिनीच्या ओट्यावर सकाळपासून रांग. त्या आठवड्यात मी तिथेच होते, तिच्या बोटांना शेक द्यायला. मीनलनं फोनवर सुचवलं, आई, सगळ्यांचं तेच तर आहे, पूर्ण अर्जच एका बटणावर टाक ना. वहिनीला पटलं. सोनेरी टिकली त्या बटणाला. 'माझ्या शेतातील कपाशी पिकाचे गुलाबी बोंडअळीच्या प्रादुर्भावामुळे संपूर्ण नुकसान झाले असून...' दाबलं की झालं! फक्त नाव, गाव आणि गट नंबर भरायचा. रांग अशी सरकायला लागली की विचारू नका. वहिनीचा चेहरा खुलला होता. बोटं दुखत नव्हती, कोणी ताटकळत नव्हतं. मीही कौतुकानं पाहत होते.

तेवढ्यात पोडावरची, आदिवासी वस्तीतली, भीमाबाई स्टुलावर बसली. नावगाव सांगितलं, कागद हातात आला, तशी म्हणाली, "काकू, वाचून दाखव." वहिनीनं वाचलं. भीमाबाईनं कागद परत टेबलावर ठेवला. "हे माहं नाही."

"अवं, तुह्याच नावाचं हाय."

"नाव माहं हाय. पण हे दुसऱ्याचं कोणाचं हाय. तू मले इचारलंच नाही काय झालं थे."

रागानं नाही, साधंच बोलली ती. पण वहिनीचा हात डबीवरून उचलला गेला. ओट्यावर अजून माणसं होती, उन्हं कलायला लागली होती. वहिनी पाण्याचा पेला भरून आली, भीमाबाईच्या हातात दिला आणि म्हणाली, "चुकली मी. सांगा बाई, काय झालं?" भीमाबाई बोलली आणि वहिनी एका बोटानं, एकेक अक्षर शोधल्यासारखं, लिहीत गेली. 'माझ्या वावरात पहिली पेरणी उगवलीच नाही. दुसरी उगवली ते डुकरांनी उकरली. जे राहिलं ते आता अळीनं खाल्लं.' पुन्हा वाचून दाखवलं. भीमाबाईनं मान डोलावली. "हौ. हे माहं."

वहिनीनं त्याच क्षणी सोनेरी टिकली नखानं खरवडून काढली. बाहेर कागद घेऊन उभ्या असलेल्यांना परत बोलावलं, एकेकाला स्टुलावर बसवलं. दादा आतून कुरकुरला, "अवं, बोटं पाह्य तुही!" ती म्हणाली, "बोटं पाहूनच करून राह्यली. कचेरीले जे लागते थे डबी लिहीन. माणसाचं जे हाय, तेवढं माह्या बोटानं." त्या दिवसापासून तिची तीच रीत झाली. काळी किंवा लाल टिकली दाबायची, म्हणजे 'प्रति'पासून 'विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की, मी' इथवर सगळं धडाधड उमटायचं. आणि डबी त्या 'मी'पाशी थांबायची. तिथे तिनं तिला थांबायलाच शिकवलं होतं. पुढचं एक वाक्य, फार तर दोन, समोरचा सांगेल तसं, ती स्वतःच्या बोटानं लिहायची. मग हिरवी टिकली.

मीनल म्हणाली होती, हे यंत्र वेळ वाचवायला असतं. वहिनीनं त्याच्या जोरावर बोटं वाचवली, आणि वाचवलेली बोटं त्या एका वाक्यावर खर्च केली. पुढची सगळी वर्षं. कधी अळी, कधी पावसाची झड, कधी भावच नाही. कापूस घरात रचून ठेवलेला आणि माणसं ओट्यावर. शेवटी शेवटी उजव्या हाताचं एकच बोट चालायचं, पण स्टुलावरून कोणी आपलं न सांगता उठून गेला नाही. त्या अर्जांनी किती जणांचं काम झालं ते मला माहीत नाही. सगळ्यांचं नक्कीच झालं नाही. पण तिच्या शेवटच्या दिवशी गल्ली भरून जी माणसं उभी होती, ती कचेरीतून काय मिळालं ते सांगत नव्हती. एक जण म्हणत होता, काकूनं माह्या अर्जात माहा बैल लिहिला होता, त्याच्या नावासकट. भीमाबाई आली होती. सरळ आत गेली आणि त्या स्टुलाला हात लावून परत आली. मोठमोठ्या माणसांच्या सभा पाहिल्यात मी, हार पाहिलेत. असा मान कोणाला मिळालेला नाही पाहिला, आणि तो माझ्या वहिनीला मिळाला!

तेरवी झाली, पाहुणे गेले, मीनलही पुण्याला परतली. मी मात्र दादाजवळ थांबले. समोरची खोली त्यानं होती तशी ठेवली आहे. रोज सकाळी फडक्यानं कॉम्प्युटर पुसतो, मग डबी. पुसताना परवा हिरवी टिकली निघून आली, तर आरशाच्या कपाटातून वहिनीचं टिकल्यांचं पाकीट शोधून त्यानं दुसरी लावली. थोडी तिरपी लागलीय. पण लावली.

हा लेख टाइप करायला म्हणून काल दुपारी मी तिच्या खुर्चीवर बसले. पण हात आपसूक डबीकडे गेला. दादा आत आला. आरामखुर्ची रिकामी होती, तरी तो स्टुलावर बसला, गुडघ्यांवर हात ठेवून, ओट्यावरचे लोक बसायचे तसा. मी काळी टिकली दाबली. 'प्रति', 'विषय', 'महोदय' असं भराभर पडद्यावर उतरलं... 'वरील विषयाच्या अनुषंगाने विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की, मी'. आणि थांबलं. ती बारीक रेघ 'मी'च्या पुढे लुकलुकत राहिली. मी स्वयंपाकघरातून पाण्याचा पेला आणून दादाच्या हातात दिला.

"सांग दादा. काय झालं?"

त्यानं पेला तोंडाला लावला. मी थांबले. त्याचं वाक्य मी पुरं करणार नव्हते. पाणी संपलं, पेला त्यानं खाली ठेवला, घसा खाकरला.

"लिही... टायपिंगवाल्या काकूचा नवरा हाय."

एका बोटानं, अक्षर अक्षर शोधत मी लिहिलं. मास्तरणीचं बोट 'आहे'कडे वळत होतं, पण 'हाय'च लिहिलं. दादा उठला, चष्मा वर सरकवून पडद्यापाशी वाकला आणि ओठ हलवत ती ओळ सावकाश वाचली, 'मी'पासून शेवटपर्यंत.

"हौ," तो म्हणाला. "हे माहं."