वस्तादाच्या अंगावरची माती

संपादक महाशय, भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पूर्वीही नव्हता. वर्गात कोणी पिंपळावरच्या मुंज्याची गोष्ट काढली की मी पाठीत रट्टा घालत असे. तेव्हा पुढचा मजकूर एका संशयी माणसानं लिहिला आहे हे लक्षात ठेवून वाचावा. आणि कृपा करून जेवणाआधी वाचू नये.

मी ठाण्यात मराठी शाळेत मास्तर. मला दमा होता. वडील दम्यानंच गेले... माझ्या मांडीवर डोकं ठेवून, तोंड उघडं टाकून. त्यानंतर वर्षभरात माझंही तेच सुरू झालं. दोन ओळी मोठ्यानं वाचल्या की फळा धरून उभं राहावं लागे. धोतऱ्याच्या पानांचा धूर झाला, डॉक्टरची कडू बाटली झाली, अंगारे तेवढे मी करू दिले नाहीत. हेडमास्तरांनी एक दिवस अगदी गोड शब्दांत विचारलं, "दुसरं काही बैठं काम बघता का?" मला स्पष्ट दिसत होतं, आधी नोकरी जाणार आणि मग मी.

आमच्याकडे भाजी घालणारा पेद्रू नावाचा ख्रिस्ती शेतकरी होता. तो म्हणाला, "मास्तर, आमच्या तालमीन चला. जोमा वस्ताद कुस्ती शिकवते नि मंग डोले मिटून बसवते. छाती मोकली होते बगा."

तालीम ठाण्याबाहेर, कोलशेतच्या वाटेवर होती. कुडाच्या भिंती, वर कौलं, मध्ये मातीचा हौदा. त्या मातीत तेल, ताक आणि हळद कालवलेली. वस्तादाच्या वस्तादापासून ती कधी बदललेली नव्हती, फक्त भर पडत गेलेली! आत पाऊल टाकलं आणि आंबलेलं ताक नि मिठागरावर राबणाऱ्या वीस-पंचवीस जणांचा घाम असा काही नाकात शिरला की मी उलट्या पावली बाहेर येऊन तगरीच्या झाडाला धरून उभा राहिलो. पेद्रू हसत होता.

जोमा वस्ताद साठीचा आगरी, अंगानं अजून खांबासारखा, छातीभर पांढरे कुरळे केस. त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मास्तर, पयला महिना कुस्ती नाय. तुमी माती खनाची. नि कुस्ती झाली का सगल्यांच्या आंगावरची माती खरडून परत हौद्यान घालाची. मंग ध्यानाला बसाचं."

घाम आणि माती मिळून अंगावर जो राप चढतो तो करवंटीच्या तुकड्यानं खरडायचा आणि टोपल्यात धरायचा. त्यात केस असत, खपल्या असत, आणखी काय काय असे ते लिहीत नाही. गोळा बोटांना चिकटे, कोमट लागे. घरी येऊन मी राखेनं हात घाशी, तरी जेवताना घास तोंडाशी नेला की वास यायचाच.

"हे परत हौद्यात कशाला, वस्ताद?" मी विचारलं.

"आंगाचा हाय ना त्यो? मंग जिथला तिथं गेला पायजे."

हे ऐकून मी मनात कपाळावर हात मारला. आरोग्यावर धडे देणारा माणूस मी! चौथ्या दिवशी मी टोपलं मागच्या दारानं नेलं, खाडीकडच्या चरात ओतलं आणि हौद्यात शेतातली चाळलेली, स्वच्छ माती टाकली. कोणाच्या लक्षात आलं नाही. एक सुधारणा गुपचूप पार पाडली म्हणून स्वतःवरच खूश झालो.

मग ध्यान. हौद्याच्या काठावर सगळे ओळीनं बसायचे, पाठ ताठ, डोळे मिटलेले, नुसता श्वास पाहायचा. त्या दिवशी थोडा वेळ बसलो असेन, तोच जिभेवर काहीतरी थंड, जड लागलं. फुगत गेलं. गालांत मावेना. मी डोळे उघडून ओंजळीत थुंकलो — माती! तेलकट, आंबट, खारट. मी बाहेर धावलो आणि आतडी पिळवटेपर्यंत ओकलो.

पेद्रूची मस्करी, दुसरं काय! दुसऱ्या दिवशी टोपलं चरात ओतून मी ध्यानाला बसलो ते तोंडावर उपरणं घट्ट बांधून. तरीही तोंड भरलं. सोडून पाहिलं तर उपरणं कोरडं, पांढरंस्वच्छ. आणि थुंकलेल्या गोळ्यात एक लांब, पांढरा, कुरळा केस. तसा केस तालमीत एकाच माणसाच्या छातीवर होता, आणि त्याच्या अंगावरची माती मी तासाभरापूर्वीच फेकून आलो होतो.

त्या दिवसापासून जाणं बंद करायला हवं होतं. पण त्याच दुपारी वर्गात मी अख्खी कविता वाचली... एका दमात. फळा धरावा लागला नाही. मुलं टकामका बघत राहिली.

खोटं कशाला सांगू? त्यानंतर मी टोपलं मुद्दाम ओतत राहिलो. एकदा फेकलं नाही तेव्हा तोंडात काही आलं नाही आणि संध्याकाळी छाती पुन्हा वाजू लागली. मग काय, रोज फेकायचं, रोज ते घाणेरडं तोंडात घ्यायचं, मागच्या दारी जाऊन थुंकायचं आणि मोकळा श्वास घेऊन शाळेत जायचं. स्वतःची इतकी शिसारी मला कधीच आली नव्हती. पण वडिलांचं ते उघडं तोंड आठवलं की पाय आपोआप कोलशेतच्या वाटेला लागत.

महिना संपायच्या सुमारास एका सकाळी ध्यानात माती आली ती थेट घशात उतरली. श्वास पार बंद झाला. डोळ्यांपुढे काळोख आला, मी हौद्यात कोसळलो. संपलं, असंच वाटलं. कोणीतरी पाठीत बुक्की घातली आणि तोंडातून ओंजळभर गोळा बाहेर पडला. मागोमाग छातीत हवा शिरली — लहान मुलाच्या श्वासासारखी, कुठे न अडखळता, तळापर्यंत.

समोर वस्ताद उकिडवा बसला होता. त्यानं तो गोळा बोटांनी फोडला, हुंगला, आतला केस ओढून काढला. "यो माज्या आंगाचा हाय. मास्तर, तुमी खाल्लाव?"

"नाही हो वस्ताद! मी तर रोज बाहेर फेकतो..." मी सगळं सांगून टाकलं. चर दाखवला. त्यात माती नव्हतीच, नुसतं खाडीचं पाणी.

वस्तादानं हात धोतराला पुसले. दोनदा पुसले. मी पाया पडायला वाकलो तर त्यानं पाय मागे घेतले. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी महिनाभर रोज टोपलं उचलताना माझ्या तोंडावर वागवलं होतं.

"उद्यापासून येव नका," तो म्हणाला.

ही गोष्ट जुनी झाली. दमा पुन्हा आला नाही. वर्गात माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. माती तोंडात कशी यायची, तिनं छाती का उघडली, हे डॉक्टरला विचारलं, एका शास्त्रीबुवांना विचारलं, कोणालाच सांगता आलं नाही आणि मलाही कळलेलं नाही. कोणा वाचकाला ठाऊक असेल तर कळवावं.

नागपंचमीला तालमीत हौद्याची पूजा असते. त्या वर्षी मी नारळ घेऊन गेलो. वस्ताद प्रत्येकाच्या हातून नारळ घेत होता, पाठीवर थाप मारत होता. माझी पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "तुमचा तिथं उंबऱ्यावर ठेवा." मी ठेवला. पूजा झाली, प्रसाद वाटला, माणसं पांगली. सगळ्यांचे नारळ फोडले होते. माझ्या नारळाला कोणी हात लावला नव्हता.