बन्यामीनमामांचं लाल स्टिकर

शिरूरच्या चर्चमध्ये बन्यामीनमामांना विचारल्याशिवाय नळाची तोटीसुद्धा आणत नसत. रांजणगावच्या एका कंपनीत मामांनी एकतीस वर्षं क्वालिटीत काढली होती. माल तपासायचा, नापास झाला की त्यावर गोल लाल स्टिकर चिकटवायचं. निवृत्त होताना उरलेल्या स्टिकरांचं अख्खं पुडकं ते घरी घेऊन आले आणि मग घरातल्या कशाचीच धडगत राहिली नाही. टेबलफॅन, मिक्सर, जावयाने हौसेने दिलेलं घड्याळ, सगळं नापास.

त्यामुळे चर्चच्या मंडळीची हैदराबादची सहल ठरली, तेव्हा हॉटेल निवडायचं काम आपसूक मामांकडे आलं. त्यांच्या बायकोची, राहेलबाईंची अट एकच होती. "हाटेल चारमिनारच्या जवळ बघा. जानेवारीत माझ्या गुडघ्याचं आप्रेशन हाय. त्याआधी एकदा डोळं भरून बघू द्या." बिचारी लग्नापासून हैदराबाद हैदराबाद करत होती आणि दरवर्षी काही ना काही नापास होत होतं, कधी गाडी, कधी हवा.

मामांनी तक्ता आखला आणि फोन लावायला बसले. पहिल्या हॉटेलला विचारलं, जिन्याला पायऱ्या किती? मॅनेजरने मोजून सांगितल्या. एका पायरीची उंची किती? मॅनेजरने फोन ठेवला. दुसरीकडे बादली होती, मग्गा नव्हता. तिसऱ्याने फोटो पाठवले. मामांनी ते बोटांनी मोठे करकरून पडद्याची उसवलेली शिवण हुडकून काढली आणि स्वतःवरच बेहद्द खूश झाले. महिनाभरात चारमिनारच्या आसपासची सतरा हॉटेलं बाद झाली. पास झालं ते एकच, पार शहराबाहेर, विमानतळाच्या वाटेवर. गुडघ्यांचा रकाना तक्त्यात नव्हताच.

रविवारी उपासना संपल्यावर मामा घसा साफ करून निकाल वाचायला उभे राहिले. तेवढ्यात सहलीची यादी सांभाळणारी प्रिन्सी म्हणाली, "मामा, बुकिंग झालं बी. तुमच्या तक्त्यातलं तिसरं हाटेल. लिफ्ट हाय, आन् खिडकीतून चारमिनार दिसतो."

"ते रिजेक्ट हाय!" मामा कडाडले. "पडदा उसवलाय तिथला!"

"सुईदोरा नेते की मी," राहेलबाई शांतपणे म्हणाल्या. "आन् तुमच्या रिजेक्टचं काय सांगता? बघायला आला तवा मलाबी रिजेक्टच केलं व्हतं. दुसरी कुणी व्हय म्हणंना, म्हणून परत आला."

चर्चभर हशा पिकला. पाळकसाहेबांनी पवित्र शास्त्र तोंडापुढे धरलं. मामांना मात्र ते फार लागलं. त्यांनी तक्त्याची घडी घातली, खिशात ठेवली आणि खालच्या आवाजात विचारलं, "बरं, मी कुठल्या खोलीत हाय?"

राहेलबाईंनी प्रिन्सीच्या हातातली यादी घेऊन त्यांच्यापुढे धरली. बन्यामीन या नावावर गोल लाल स्टिकर होतं.