लिंब ओला होता

दादांचा फोन आला तेव्हा मी नांदेडला क्लासमधे होतो. दादा म्हणजे माझे वडील. एवढंच म्हणाले, "काकू गेली. निघ." आणि मला पहिल्यांदा काय आठवलं सांगू? आखाडात भेटली होती तेव्हा जाता जाता म्हणाली होती, "आता लिंबाखाली बसायसारखी सावली झाली बाबा. ये एकदा." मी व्हय व्हय म्हणून जीपमधे बसलो होतो...

काकू म्हणजे दादांची थोरली वहिनी. काका लवकर गेले, लेकरूबाळ न्हाई. वाटणीत तिच्याकडं आमच्या गावच्या, साखऱ्याच्या, वरचं बरड आलं. बरड म्हणजे नुसता मुरूम, कुदळ मारली की ठिणगी उडते. तिथं हिला बाग करायची होती! आंबे लावले, वाळले. चिकू लावला, वाळला. सीताफळं कशीबशी टिकली. पाणी खाली गावातल्या हापशाचं, डोक्यावर आणायचं. मग तिनं मडक्यांचं सुरू केलं. दर उन्हाळ्यात लोक नवा माठ घेतात, तर ही दारोदार जाऊन जुना मागायची. संक्रांत झाली की बायांची सुगडी गोळा करायची. मडक्याला बुडाशी भोक पाडायचं, चिंधीची वात घालायची, रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरायचं आणि वरून चीप, म्हणजे चपटा दगड, ठेवायची. थेंब थेंब मुळाला. भोकाचं मडकं आपल्याकडं कशाला लागतं, हे सगळ्यांना माहिती. त्यामुळं गावाला आयताच विषय! पारावरून कोणीतरी ओरडायचं, "काय व्हं काकू, झाडं जगवून राहिल्या का मयताची तयारी करून राहिल्या?" ती चालता चालताच म्हणायची, "तुमचंबी आणून ठेवा, लागंलच की!" लोक हसायचे. मी गोरेगावच्या शाळेत होतो तेव्हा पोरं मला 'मडक्या' म्हणायची, आणि ती समोरून आली की मी सायकल दुसऱ्या गल्लीत घालायचो.

पण तिनं लावलेला कडुलिंब जगला. सगळ्या बरडावर सावलीचं एकच झाड. ती त्याच्याखाली भाकर खायची आणि रस्त्यानं जाणाऱ्या कोणालाही हाक मारायची, "या, सावलीत बसा." घरात या म्हणतात तसं.

मी पोचलो तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. श्रावणातली झड, गावात कोरडं लाकूड न्हाई, कापसाच्या पऱ्हाट्याही भिजलेल्या. आमच्याकडं मयताला अग्नी आपापल्या वावरातच देतात, तर सगळे बरडावर जमले होते. कोणीतरी म्हणालं, "हिचाच लिंब हाय की. हिचंच लाकूड हिला. पुण्याचं काम." आणि सगळ्यांना एकदम पटलं! मलाही. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला माझ्या. केवढं भारी, आपण लावलेल्या झाडावर आपण जायचं! मित्रांना हे कसं सांगायचं, तेपण मनात जुळवून झालं. दादा तेवढे गप होते. मीच म्हणालो, "दादा, काकूला आवडलं असतं." ते माझ्याकडं बघून "बराबर" म्हणाले. कुऱ्हाडी चालल्या. झाड पडताना आवाज फार झाला न्हाई.

पाणी मलाच द्यायचं होतं. खांद्यावर मडकं, मागून एकजण खड्यानं भोक पाडणार. पाण्याची धार पाठीवरून मुरमात... आणि पायाखाली तिचीच मडकी पुरलेली. ठेच लागू नये म्हणून मी बघून बघून फिरलो.

लिंब पेटेना. नुसता धूर, कडू, डोळ्यात जाणारा. ट्रॅक्टरमधलं डिझेल ओतलं, भपकन् जाळ झाला आणि बसला. शेजारच्या वावरातले म्हातारे रामजीबाबा म्हणाले, "अरे ओलं लाकूड जळते का कुठं? लेकराला बी कळते."

"मग बोलला काहून न्हाई, बाबा?" दादांनी विचारलं.

बाबा खाली बघत म्हणाले, "सगळे इतकं चांगलं बोलून राहिले होते..."

शेवटी आमच्या गोठ्याचं दार मोडलं, वावरातल्या आखाड्यावरच्या छपराचे वासे काढले, तेव्हा कुठं भागलं. लिंबाची लाकडं ओढून बाजूला टाकली. म्हणजे ती तिला लागलीसुद्धा न्हाईत. इतकी वर्षं लोक तिला हसले, पण तिला कळत होतं काय जगतं. आम्हाला काय जळतं तेवढंपण कळलं न्हाई. चांगलं दिसतं म्हणून तोडलं... त्यात 'आवडलं असतं' म्हणणारा मी.

परवा गावी गेलो. दादा आता रोज दुपारी दोन बादल्या घेऊन बरडावर जातात, सीताफळांची मडकी भरतात. मीपण मागं गेलो. लिंबाच्या खुंटापाशी आले, तिथली चीप उचलली आणि तेही मडकं भरलं. मी म्हणालो, "दादा, त्याला काहून?"

"ऱ्हाऊ दे. भरायची ती."

चीप परत ठेवली. ऊन चांगलंच तापलं होतं. दादा खुंटाशेजारी टेकले, डोक्याचा रुमाल काढला आणि हातानं जागा झटकत म्हणाले, "ये, सावलीत बस."

म्हणाले, आणि वर बघितलं.

मी बसलो त्यांच्याजवळ. ऊन सरळ डोक्यावर येत होतं.