त्याचा वाटा

आमच्या घरात एक पितळी डबा होता. तो फक्त सणाला फडताळावरून खाली यायचा. चिंच लावून आई तो लख्ख घासायची, फराळ भरायची, आणि रिकामा होऊन परत आला की पुन्हा वर ठेवून द्यायची. डबा आमचा, पण त्यातलं खाणं आमच्यासाठी नसायचं. ते खाडीकडे, मावशीच्या घरी जायचं.

मावशी आमच्या नात्यातली नव्हती. भाईंदरच्या जुन्या कोळीवाड्यातली ती, डोक्यावर पाटी घेऊन आमच्या चाळीत मासळी विकायला यायची. माझे वडील मिठागराच्या कचेरीत कारकून होते. आई रत्नागिरीकडून लग्न होऊन आली तेव्हा तिला इथलं कोणीच ओळखीचं नव्हतं. मावशीच्या पाटीतले बांगडे बघून तिला माहेर आठवलं आणि ती दारातच रडायला लागली. मावशीला वाटलं, भाव कमी करायची ही नवीन तऱ्हा आहे.

"बाय, मासली ताजी हाय," ती म्हणाली. "रडतंस कनाला?"

ही गोष्ट दोघी पुढे प्रत्येक सणाला सांगायच्या, आणि प्रत्येक वेळी मावशी बांगड्यांचा भाव वाढवायची.

तिथून दोन घरांचं वर्ष एक झालं. नारळी पौर्णिमा आणि शिमगा त्यांच्याकडे, गणपती आणि संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे, दिवाळीचा फराळ इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. मावशीचा नवरा गणपतीला हमखास यायचा. उंच, काळा, हसरा माणूस. आरतीला टाळ हातात घ्यायचा आणि एकदाही तालात वाजवायचा नाही. नंतर तो आणि माझे वडील बाहेरच्या बाकावर बसायचे. दोघंही फारसं बोलायचे नाहीत आणि दोघांनाही त्याचं काही वाटायचं नाही. मला तो आवडायचा, कारण मी इंग्रजी शाळेत जाते हे ठाऊक असूनही त्याने मला कधी "काहीतरी बोलून दाखव" म्हटलं नाही. बाकी सगळे म्हणायचे. मग मी आईच्या पदरामागे जायची आणि मावशी म्हणायची, "एवढी फी भरून पोर मुकी केलीत."

मी सातेक वर्षांची असताना, नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा समुद्रात गेल्या तेव्हा, मावशीचा नवरा परत आला नाही. होडी आली. त्याच्याबरोबरचे दोघं आले. अडकलेलं जाळं सोडवायला तो पाण्यात उतरला आणि वर आला नाही, एवढंच ते सांगू शकले. डोंगरी गावापासून खाडीच्या मुखापर्यंत माणसं शोधत राहिली. काही मिळालं नाही.

त्यांच्यात रीत होती, बऱ्याच ठिकाणी आहे. देह मिळाला नाही तर बारा वर्षं वाट बघायची. तोवर सुतक नाही, श्राद्ध नाही. बाईने कुंकू लावायचं, बांगड्या घालायच्या, सण करायचे. बारा वर्षांनी माणूस आला नाही, तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, आणि मग बाई विधवा. मावशीला मूल नव्हतं. घरात ती, म्हातारी सासू आणि शेजारी दीर.

थोड्याच दिवसांत गणपती आले. मावशी येईल की नाही हे आईला विचारवेना, पण ती आली. निघताना आई डब्यात मोदक भरत होती. सासूचे घातले, मावशीचे घातले, आणि तिचा हात थांबला.

"त्याचा वाटा घाल," मावशी म्हणाली. "बाहेर गेल्या मानसाचा वाटा ठेवतात ना?"

आईने घातला. तेव्हापासून प्रत्येक सणाला डब्यात त्याचा वाटा असायचा.

खरी पंचाईत संक्रांतीला होती. बोलावणं सांगायला आई नेहमी मलाच पाठवायची. त्या निमित्ताने मी चार शब्द बोलेन असं तिला वाटे. त्या वर्षी मी निघणार, तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. त्या रायगडकडच्या, मनाने वाईट नव्हत्या.

"वहिनी, कोळिणीला पण सांगताय?"

"दर वर्षी सांगते."

"दर वर्षीचं वेगळं. माझी सून नवी आहे. तिचा पहिलाच सण."

"मग?"

"मग काय, तुम्हाला कळतंय. सगळं भाईंदर म्हणतंय तो गेला."

"सगळ्या भाईंदरला कुठे सापडला तो?" आई म्हणाली. "मला पण दाखवा. हिच्याबरोबर निरोपच पाठवते."

काकू घरी गेल्या. संध्याकाळी त्या आल्या, सून आली नाही. मावशी हिरवं लुगडं नेसून आली. आईने कुंकवाचा करंडा उचलला आणि सगळ्या बायकांना सोडून पहिलं बोट तिच्या कपाळाला टेकवलं.

"बारीक लाव गो बाय," मावशी म्हणाली. "लोकांचे डोले दुखतात."

पुढच्या प्रत्येक संक्रांतीला पहिलं कुंकू मावशीचं, हे ठरूनच गेलं. काकूंची सूनही दोन-तीन वर्षांनी यायला लागली. मी बायकांना वाण द्यायची, म्हणजे कधी फणी, कधी छोटी वाटी, आणि देताना कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही म्हणून कपाळाकडे बघायची. त्यामुळे मला दिसलं की घरून येताना मावशी जे कुंकू लावून येते ते वर्षागणिक लहान होत चाललंय. आधी रुपयाएवढं होतं. मी मॅट्रिकला होते तेव्हा काडीने टेकवलेला ठिपका उरला होता. आई त्यावर आपलं मोठं लावायची.

मी थोडी मोठी झाल्यावर, एका दिवाळीत, आईने मला डबा उचलून मावशीबरोबर पाठवलं. दुपार होती. वाट मिठागराच्या बांधावरून जायची. अर्ध्या वाटेत मावशी खाली बसली, माझ्याकडून डबा घेतला, उघडला आणि कागदात वेगळी बांधलेली त्याच्या वाट्याची करंजी काढून खायला लागली. मग चकली, मग लाडू. घाईने नाही, पण न थांबता. मी उभीच होते.

"घरी नेला तर सासू रडत बसते," ती म्हणाली. "आन ठेवून ठेवून त्याला मुंग्या लागतात."

मी मान हलवली.

"त्याला गोड आवडतच न्हाय. तुमच्याकडं तोंडदेखलं खातो. मोदक मला देतो हळूच." तिने लुगड्यावरचे कण झटकले. "तुझ्या आईला बोलू नको हां. ती मन लावून भरते."

मी सांगितलं नाही. न बोलणं मला जमण्यासारखं होतं. पुढे मीच डबा पोहोचवायला जाऊ लागले, आणि आम्ही दोघी बांधावर बसायचो. कधी ती मला अर्धी करंजी द्यायची. त्याच्याबद्दल ती तिथेच काय ते बोलायची, आणि नेहमी तो आत्ताच कुठेतरी गेल्यासारखं. तो घोरतो म्हणायची. घोरायचा असं नाही.

बारा वर्षं भरत आली तसं आमच्या घरात ते कोणी मोठ्याने बोलेनासं झालं. गणपतीचं सामान आणताना आई मध्येच म्हणायची, "या वर्षी येईल ना ती," आणि वडील पेपर खाली न घेता म्हणायचे, "येईल." मला वाटायचं, मावशी विधी करूच देणार नाही. पण तिची सासू अंथरुणाला खिळली होती. मी आईबरोबर तिला बघायला गेले होते, तेव्हा ती मावशीला म्हणत होती, "माझ्या पोराला पानी दे गो. तो तसाच तहानेला हाय. मना मरता येत न्हाय."

मावशी तिचे पाय चेपत होती. चेपत राहिली. मग म्हणाली, "देऊ."

विधी खाडीच्या काठाला झाला. दिराने सगळं केलं. भटजींनी पुतळ्यावर घालायला त्याचं एखादं वस्त्र मागितलं, तेव्हा मावशीने घडी घातलेला सदरा दिला. तो नुकताच धुतलेला होता. बटणाजवळचा भाग ओलसर दिसत होता. आई आणि मी मागे, बायकांत उभ्या होतो. नंतर बायका मावशीला बांगड्या फोडायला बाजूला घेऊन गेल्या तेव्हा मी पाण्याकडे बघत राहिले. आईने बघितलं की नाही, मला माहीत नाही. मी तिला विचारलं नाही.

मग त्या घराचं सणाचं वर्ष थांबलं. बारा वर्षं एकही सण न चुकवलेल्या बाईने गणपतीला आमच्याकडे आली नाही, दिवाळीला दारात पणती लावली नाही. आई फराळ पाठवायची, तो दिराची मुलं येऊन घेऊन जायची.

संक्रांत आली. आईने मला बोलावणं सांगायला पाठवलं. कॉलेजात जाणारी मी, अजून दारोदार जाऊन "आमच्याकडे हळदीकुंकवाला या" म्हणताना उंबरठ्याकडे बघायची. कोळीवाड्यात जायचं का, हे आईने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी गेले नाही.

बायका आल्या. आईने करंडा उचलला आणि ती तशीच बसली. बायका वाट बघत होत्या. शेवटी काकू पुढे सरकल्या, आईच्या हातातून करंडा घेतला आणि म्हणाल्या, "वहिनी, द्या. आज मी लावते." त्यांनी सुरुवात आपल्या सुनेपासून केली. आई नुसती तोंडाने हसत होती.

सगळ्या गेल्यावर आईने डबा खाली काढला. तिळाचे लाडू भरले, झाकण लावलं आणि माझ्याकडे दिला. उतरतं ऊन अजून होतं. मी बांधावर थांबले नाही.

मावशी ओट्यावर बसून सुके बोंबील निवडत होती. कपाळ मोकळं होतं. इतकी वर्षं मी त्या कपाळाकडेच बघत आले होते, त्यामुळे आता कुठे बघावं ते मला कळेना.

तिने डबा उघडला. आत सासूचे लाडू होते, तिचे होते, आणि कागदात वेगळे बांधलेले होते. आईच्या हाताची सवय.  मावशीने ती पुडी सोडली, उठून एक लाडू बाहेरच्या कुडाच्या कुंपणावर ठेवला, आणि येऊन पुन्हा बसली.

कावळा आला नाही. समोरच्या छपरावर दोन बसले होते, पण ते सुकवलेल्या मासळीकडे बघत होते.

"न्हाय यायचा," मावशी म्हणाली. "त्याला गोड नको असतो."

मी म्हटलं, "मग तुम्ही खा, मावशी. नेहमीसारखा."

तिने मान हलवली. "न्हाय गो. तवा तो बाहेर गेला होता, म्हणून त्याचा वाटा मी खायची. आता तो त्याचा हाय. आता मना खाता यायचा न्हाय."

तिने पुडीतले उरलेले लाडू तसेच बांधून बाजूला ठेवले, आपल्या वाट्यातला एक मला दिला, आणि डबा विसळून माझ्या हातात परत केला. आम्ही बराच वेळ कुडाकडे बघत बसलो. मी तो लाडू हातातच धरून होते.

घरी आले तेव्हा आई दारात होती.

"सगळे घेतले ना?"

"घेतले," मी म्हटलं.

तिने डबा पदराने पुसला आणि फडताळावर ठेवला.