बरणीचं झाकण

माझ्या पीएच.डी.चा सगळा भरवसा सिलिकॉनच्या सहा चकत्यांवर होता. नखाएवढ्या. त्यांच्यावर एका सेंद्रिय आम्लाचा इतका पातळ थर, की डोळ्यांना नुसती निळसर झाक दिसे. त्या थरातले रेणू हायड्रोजन बंधानं एकमेकांना कसे धरून राहतात, ते क्ष-किरणांनी तपासायचं होतं. तसलं यंत्र अंबाजोगाईत कुठलं? दोन वर्षं अर्ज करून इंदूरच्या संशोधन केंद्रात त्या यंत्रावर तीन दिवस मिळाले होते. फेलोशिपचं ते शेवटचं वर्ष.

चकत्या कोरड्या ठेवायच्या, एवढंच पथ्य. ओलावा लागला की रेणू शेजाऱ्याचा हात सोडून पाण्याचा धरतात. म्हणून मी त्या घट्ट झाकणाच्या बरणीत, ओलावा शोषणाऱ्या दाण्यांवर ठेवल्या होत्या.

निघायच्या आदल्या दिवशी कॉलेजात श्रेणी ठरवणारी तपासणी समिती आली. ऑगस्ट होता. फिनेलनं धुतलेली प्रयोगशाळेची फरशी अजून वाळली नव्हती. टेबलावर पांढरी चादर, मधोमध माझी बरणी. मी विभागप्रमुखांना ओलाव्याचं सांगितलं. त्यांनी ऐकूनही घेतलं.

“समजलं मला, पोरी. पण बंद बरणीत त्यायला काय दिसणार हाय? काढ झाकण.”

मी काढलं. प्रबंधावर त्यांची सही लागणार होती, हे खरं. पण पाहुण्यांसमोर मलाही मिरवायचं होतं, हे त्याहून खरं. समिती आधी जेवायला बसली. तासभर बरणी उघडीच. मग त्यांनी तिच्याकडे बघून मान डोलावली, माझ्यासोबत फोटो काढला आणि ते नारळ घेऊन पुढे गेले. तासाभरानं काय होतंय, असं म्हणत मी झाकण लावलं.

इंदूरला सहाही चकत्यांच्या आलेखात नको तो फुगवटा आला. पाणी. आमच्या नळाला आठवडा आठवडा न येणारं पाणी इथं मात्र न बोलावता हजर. नमुने कुठं उघडे राहिले होते का, असं तिथल्या शास्त्रज्ञांनी विचारलं. मी नाही म्हणाले. प्रवासात काही झालं असेल, असंही मीच सांगितलं. त्या उत्तराची मला अजून किळस येते.

यंत्रावरची पुढची पाळी वर्षभरानं होती. फेलोशिप त्याआधी संपली आणि प्रबंध अर्धाच राहिला. आता मी क्लासमध्ये शिकवते. हायड्रोजन बंध दोन ओळींत उरकते. कॉलेजला मात्र वरची श्रेणी मिळाली. विभागाच्या भिंतीवर तो फोटो अजून आहे. पाहुणे, प्रमुख आणि मी. माझ्या हातात झाकण आहे आणि मी हसते आहे.