खडकाळ रानासोबत गेलेली गाडी

काही वर्षांपूर्वीचा दसरा. हजर: मांडवगण फराटा गावचा माझा चुलतभाऊ, भावजय, दौंडहून गेलेली मी आणि भावानं बोलावलेले जुन्या गाड्यांचे एक जाणकार. झेंडू आणि जुन्या ऑइलचा वास एकत्र आला की मला भावाच्या रानातलं तेच शेड आठवतं. उसाच्या पाचटाची धूळ झटकत भावानं ताडपत्री ओढली आणि ती दोन सीटांची हिरवी गाडी दिसली, रंग उडालेली, सीटचं कातडं फाटलेली. "इंजिनाचा सुपरचार्जरसुद्धा मूळचाच आहे. रंगाला हात लावू नका," जाणकार म्हणाले आणि आधीचे मालक विचारू लागले. "ते ताईला इचारा, तिला समदं पाठ हाय," भाऊ म्हणाला. मी सांगितलं, आधी एक संस्थानिक, मग साखर कारखान्यातले इंजिनिअर, त्यांच्याकडून आमचे आजोबा. पुढं वाटणी झाली. आमच्यात थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. थोरले माझे वडील. गाडी आपल्यालाच राहावी म्हणून त्यांनी ती खडकाळ रानासोबत ठेवली, आणि चुलत्यांनी, म्हणजे या भावाच्या वडिलांनी, विहिरीचा वाटा सोडून नेमका तोच उचलला. "विहीर तुमाला, भंगार आमाला," गाडीला हार घालत भावजय हसली. "मग बदलायचं का?" मी विचारलं. "आता न्हाई," भाऊ म्हणाला, "तू फकस्त हिचा इतिहास लिहून दे." जाणकारांसमोर मी हो म्हटलं. आजोबांपर्यंतचं त्याच आठवड्यात लिहून झालं. त्यांच्याखाली पुढचे मालक म्हणून चुलत्यांचं नाव लिहायचं मात्र अजून राहिलं आहे.