कूलरमधली मगर

नागपूरचा मे महिना काय चीज आहे हे मी सहसा सांगत नाही, कारण खरं सांगितलं तरी लोक म्हणतात, हा फेकतो. एवढंच सांगतो की त्या दिवशी प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीतलं डांबर इतकं पातळ झालं होतं की समोरच्या काकूंची स्कूटी उभ्या जागी बुडायला लागली होती. आणि आमचा कूलर म्हणाल, तर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसवलेला हत्ती. चालू केला की भिंतीवरचं कॅलेंडर डिसेंबरपर्यंत उलटतं. पाहुण्यांना पलंगाची पाटी धरून झोपावं लागतं.

या कूलरच्या टाकीत मगर राहते, असं मी माझ्या भाचीला सांगून ठेवलं होतं. ती पहिलीत जाणार होती आणि सुट्टीत भिवापूरहून आमच्याकडे आली होती. कूलरच्या पाण्यात हात घालू नये, करंट लागतो, ही गोष्ट पोरांच्या डोक्यात शिरत नाही. मगर लगेच शिरते. दुसरं कुठलंही पोर त्या कूलरपासून चार हात लांब राहिलं असतं.

पण ही माझी भाची. मामा कोराडीच्या पॉवर हाऊसमध्ये नोकरीला आहे, तिथल्या चिमण्या रोज सकाळी फुंकर मारून पेटवतो, असं मी तिला सांगितलं होतं. तिनं ते शाळेत सांगितलं आणि वर ‘माचिस मी धरते’ हे स्वतःचं जोडलं. बाईंनी तिच्या आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला बोलावून घेतलं. बहिणीचा मला फोन आला, “दादा, माह्या पोरीले थापा शिकवू नको गा! तुह्या एकट्याच्याच पुरतात खानदानाले!”

तर त्या दुपारी मी कूलरसमोर फरशीवर आडवा पडलो होतो आणि बायको स्वयंपाकघरात पन्हं करत होती. तेवढ्यात बाहेर धप्प आवाज झाला. मग काहीच नाही. ती शांतता पापणी लवण्याइतकी असेल, पण तेवढ्यात माझे उरलेसुरले केस पांढरे झाले. मग जी किंकाळी आली ती भिवापूरच्या बसस्टँडवर ऐकू गेली असणार.

भाची कूलरच्या स्टँडखाली फरशीवर पडली होती. शेजारी अर्धी पोळी. मगर उपाशी असेल म्हणून बाईसाहेब तिला जेवू घालायला वर चढल्या होत्या.

मी तिला उचलायला धावलो तर बायकोनं मला ढकललंच. “थांबा! आधी पाहू द्या.” तिनं मान, हात, पाय बघितले, पोरगी सगळं हलवत होती. मग हळूच आत आणून रुमालात बर्फ गुंडाळून कपाळावर धरला. टेंगूळ वर आलं होतं, लिंबाएवढं. मी नागपूरचा माणूस, एरवी संत्रं म्हटलं असतं. त्या वेळी तोंडून निघेना.

समोरच्या काकू आल्याच. “हळद लावा! कांदा हुंगवा! अन् काही करा, पण झोपू देऊ नका बाप्पा!”

रडणं थांबल्यावर भाचीनं माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सपाट आवाजात म्हणाली, “मामा, कूलरमध्ये मगर नाही. नुसतं पाणी आहे.”

मी तडक उठून चप्पल शोधायला लागलो.

ऑटो केला आणि चौकातल्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी विचारलं, “किती उंचावरून पडली?”

“अहो, दोन मजले...” मी सवयीनं सुरुवात केली.

“यांच्या कमरेइतकं,” बायको म्हणाली.

“लगेच रडली?”

“रडली? अहो, वर्धा रोडवरच्या गाड्या थांबल्या...”

“लगेच रडली. बेशुद्ध नाही झाली. ओकारी नाही,” बायको म्हणाली आणि माझ्या पायावर पाय ठेवून तो तिथंच राहू दिला.

डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली, डोकं बोटांनी चाचपलं, कान-नाक बघितले, तिला चालवलं. “आत्ता तरी घाबरण्यासारखं काही दिसत नाही. पण उद्यापर्यंत नीट लक्ष ठेवा. पुन्हा पुन्हा ओकारी झाली, डोकं जास्त दुखायला लागलं, झटका आला, उठवूनही नीट जागी झाली नाही, किंवा वागण्या-बोलण्यात फरक वाटला, तर वेळ न घालवता मोठ्या दवाखान्यात. झोपू द्या, पण मधून मधून उठवून बघा.”

“फरक आहे डॉक्टर!” मी उभाच राहिलो. “बोलण्यात फरक आहे. ही खरं बोलून राहिली!”

बायकोचा पाय आणखी जड झाला. डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. त्यांनी भाचीला नाव विचारलं, शाळा विचारली, मामा कोण ते विचारलं. तिनं सगळं बरोबर सांगितलं, एक शब्द जास्त नाही. “घाबरलीय, डोकं दुखतंय,” त्या म्हणाल्या. “तुम्ही तिला ओळखता. तुम्हीच बघत राहा.”

घरी येऊन बहिणीला फोन केला. म्हटलं, “पोरगी पडली थोडी. जरासं लागलं कपाळाले. डॉक्टरले दाखवलं.”

बहीण पलीकडून ओरडली, “जरासं? दादा, तू जरासं म्हणून राहिला? तुले मच्छर चावला तरी तू साप सांगते गा! खरं सांग, काय झालं माह्या पोरीले?” मी शपथा घेतल्या, बायकोच्या हातात फोन दिला, पण तोवर ती बसस्टँडकडे निघाली होती.

भाची झोपली आणि मला बसवेना. दारापर्यंत जायचं, परत यायचं, तिच्या नाकाशी बोट धरायचं. कूलरमध्ये पाणी भरलं. परत भरलं. पाणी वाहून अंगणात आलं. काकू खिडकीतून ओरडल्या, “झोपू कशी देली हो?” मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलं. म्हटलं खरं, पण लगेच जाऊन तिला उठवलं.

“कोराडीच्या चिमण्या कोण पेटवते वं?”

तिनं अर्धे डोळे उघडले. “मशीन,” म्हणाली आणि कूस बदलली.

मी पुन्हा दारापर्यंत गेलो. “ओकारी नाही, ताप नाही, हाक मारली की जागी होते,” बायको म्हणाली. “तुम्ही एका जागी बसा ना जरा! पोरीपेक्षा तुम्हालेच ॲडमिट करा लागते आता.” पण तिची स्वतःची पन्ह्याची कैरी अजून तशीच शिजून पातेल्यात पडली होती.

ऊन उतरता उतरता बहीण आली. तोंडावर बांधलेला दुपट्टा तसाच. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. पोरीजवळ बसली आणि टेंगळाच्या आजूबाजूनं बोट फिरवत राहिली. मी कोपऱ्यात उभा. आयुष्यात इतका वेळ गप्प कधी राहिलो नव्हतो.

भाची जागी झाली. आईकडे पाहिलं, भूक लागली म्हणाली. बायको पळतच दूध-पोळी घेऊन आली. चार घास खाऊन झाल्यावर बहिणीनं विचारलं, “काहून पडली वं तू?”

भाचीनं माझ्याकडे पाहिलं, मग पोळीकडे.

“मगरीनं पोळी घेतली,” ती म्हणाली, “अन् शेपटीनं ढकललं मले.”

मी बहिणीकडे पाहिलं. एरवी याच वाक्यावर घर डोक्यावर घेणारी माझी बहीण. तिनं दुपट्टा सोडला, त्यानंच तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसत राहिली.

“केवढी व्हती वं मगर?”

“इथून ते भिवापूरपर्यंत.”

“मग मी आत्ता बसनं आली तिथून, मले कशी नाही दिसली?”

भाचीनं घास चावून गिळला. “तो रोड नव्हता आई. तिची पाठ व्हती.”

एवढं तर मीही कधी फेकलं नव्हतं.